तेरा-अठराचा इम्पेलर

इम्पेलर मिळाला. पंपाच्या आत फिरतो तो पंखा, तीन पात्यांचा, स्टेनलेस स्टीलचा, तेरा-अठरा मापाचा, आमची जेट स्की बनवणाऱ्या कंपनीनं स्वतः सांगितलेला. सोमवारी दुपारी मी तो फोनवरून मागवला. चार मिनिटं लागली, त्यातली दोन पिनकोड टाकण्यात गेली. निवड झाली, विषय संपला.

आता असं समजा की हे झालंच नाही. मी काही मागवलेलं नाही, बुधवारी कुरिअरवाला आलेला नाही आणि आत्ता आमच्या तांदळाच्या डब्यात तांदळाशिवाय काहीही नाही. कारण इम्पेलर माझे बाबा निवडणार आहेत.

बाबा म्हणजे बाळाजी म्हसकर. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची एकोणीस फायनल इन्स्पेक्शनला. तयार पीस त्यांच्या टेबलावर यायचा, ते काठावरून अंगठा फिरवायचे, आणि काठ जरा जरी वळलेला लागला तर पीस लाल पेटीत. एकोणीस वर्षं लाल पेटी आणि हिरवी पेटी. मग कंपनी गुजरातला गेली. मशीनं नेली, पेट्या नेल्या, बाबांना इथंच ठेवलं.

त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत बाबांनी घरातली चालू असलेली प्रत्येक वस्तू उघडून बघितली. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या गंगूकाकूंचा कूलर. बंद वस्तूला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, तिला काय बघायचं, ती तर रिजेक्ट आहे. उघडून झालं की खुर्चीत बसायचे आणि पंख्याकडे बघायचे. पंखा अजून उघडला नव्हता, कारण हात पोचत नव्हता. आईनं स्टूल लपवून ठेवलं होतं.

मी बदलापूरला नदीकाठच्या एका रिसॉर्टवर कामाला आहे. रिसॉर्ट सुयोगदादाचं. तिथं एक जेट स्की आहे, पाण्यावर चालणारी स्कूटर समजा. पाहुण्याला मागे बसवायचं, नदीत दोन चकरा मारायच्या, पाहुणा ओरडतो, आपण हसतो, हे माझं काम. दिवाळीनंतर एका रविवारी स्कीनं नदीतून एक दोन रुपयांचं नाणं खेचून घेतलं. पुलावरून लोक नदीला नाणी टाकतात. नदीनं ते आमच्याकडे वळतं केलं. आत कडकड झाली आणि स्की थांबली. पंप खोलला तर इम्पेलरच्या एका पात्याचा कोपरा गेलेला, बाकी दोन रेतीनं आधीच खाल्लेली.

ही गोष्ट मी जेवताना घरी सांगितली. बाबांनी घास तसाच धरला.

"म्हणजे खालून पाणी ओढतं आणि मागून फेकतं?"

"हो."

"मग तो पंप आहे." त्यांनी घास खाल्ला. "वर सीट लावलेला पंप."

दुसऱ्या दिवशी सुयोगदादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकांना आण ना मग. तो पंखा नवीन निवडून, बसवून, स्की चालू करून दाखवू देत. जमलं तर सीझनभर मेकॅनिक म्हणून इथंच राहतील. नाही जमलं तर मी वाशीच्या माणसाला बोलावतो, तो नुसता बघायला यायचे पण पैसे घेतो."

मी घरी येऊन निरोप दिला. सोमवार होता. बाबा उठले आणि दाढी केली. आठ महिन्यांत सोमवारी दाढी पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळानं तिनं स्टूल बाहेर आणून ठेवलं.

तुम्ही विचाराल, मग तू आधीच का मागवलास. मी दुपारीच मागवला होता, चहाच्या टपरीवर, निरोपाच्या आधी. माझा हेतू चांगला होता. माझे सगळे हेतू चांगले असतात, त्यामुळेच मला हे असं लिहायला लागतं. मला वाटलं बाबांच्या हातात बरोबर वस्तू ठेवली की ते नुसती बसवतील. पण बाबा म्हणाले, "गुरुवारी उल्हासनगरला जाऊ. माल अंगठ्याखालून गेल्याशिवाय घ्यायचा नसतो." मग मी कसं सांगणार की माल कुरिअरनं येतोय.

बुधवारी आला. आईनं विचारलं, "तांदळात काय खुपसलंस?"

"इम्पेलर."

"किडे होत नाहीत ना त्याला?"

"स्टेनलेस आहे."

"मग राहू दे."

उल्हासनगर तीन नंबरला, म्हणजे तिसऱ्या कॅम्पात, हरेश आहे. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की हरेशला बाहेर यावं लागतं. बाबांनी उघडलेल्या वस्तूंचे पार्ट मी त्याच्याकडूनच न्यायचो, त्यामुळे आठ महिन्यांत आमचे घरच्यासारखे संबंध झाले होते. गुरुवारी सकाळी दुकान उघडतानाच मी विठ्ठलवाडी स्टेशनहून शेअर रिक्षानं त्याच्याकडे गेलो आणि तांदूळ झटकून इम्पेलर काउंटरवर ठेवला.

"हरेशभाई, हा तुमच्या शेल्फवर ठेवा. दुपारी मी बाबांना घेऊन येतो. ते निवडतील."

हरेशनं तो उलटासुलटा केला. "साईं, ये तो तू ले चुका है."

"मी घेतलाय. बाबांनी नाही घेतलाय."

"और अगर उन्हों ने दूसरा पसंद किया?"

"दुसरा तुमच्याकडे आहेच कुठं? जेट स्कीचा पार्ट उल्हासनगरात कोण ठेवतं?"

हे मी बोलायला नको होतं. हरेशच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू त्याच्या तीन पिढ्यांचा मी अपमान केलाय.

दुपारी बाबांना घेऊन गेलो. शेअर रिक्षावाला सकाळचाच होता. "कुछ भूल गये थे क्या?" त्यानं विचारलं. मी दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत राहिलो.

दुकानात काचेवर सात इम्पेलर मांडलेले होते. रांगेत, लाल फडक्यावर. एक विहिरीच्या पंपाचा, एक कूलरच्या पंपाचा, एक माशांच्या टाकीचा, बोटाच्या पेराएवढा. एक चक्क वॉशिंग मशीनच्या तळातली प्लास्टिकची थाळी होती. सातवा माझा.

"आइए काका," हरेश म्हणाला. "पूरा रेंज लगाया है."

बाबांनी चष्मा पुसला, शर्टाची उजवी बाही दुमडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक पीस उचलायचा, उजेडात धरायचा, काठावरून अंगठा फिरवायचा, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. वॉशिंग मशीनच्या थाळीलाही टिचकी मारली. मी मागे उभा राहून मनातल्या मनात सातवा, सातवा म्हणत होतो. माशांच्या टाकीचा पंखा त्यांनी तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला.

"हा बनवणारा माणूस चांगला होता," ते म्हणाले.

"बाबा, तो अडीच सेंटीमीटरचा आहे."

"माप नंतर. आधी काम बघायचं."

चौथ्या नंबरला विहिरीच्या पंपाचा होता. त्यावर बाबा थांबले. हरेश लगेच पुढे झाला. "पितळ का है काका. आजकल ऐसा आता नहीं. मैं तो कहता हूँ यही ले लो."

मी हरेशकडे बघितलं. तो माझ्या नजरेला नजर देईना. नंतर त्यानं कबूल केलं की गिऱ्हाईकाचा हात जिथं थांबतो तिथं त्याचं तोंड आपोआप सुरू होतं, त्यात त्याचा काही इलाज नाही.

"शाफ्टला बसणार नाही," मी म्हणालो. "आतल्या खाचा वेगळ्या आहेत."

बाबांनी जुना, कोपरा उडालेला इम्पेलर पिशवीतून काढला, खाचा मोजल्या, आणि नाराजीनं पितळी पीस खाली ठेवला. शेवटी सातवा उचलला. वजन केलं. टिचकी मारली. दुकानभर स्वच्छ आवाज घुमला. बाबांच्या भुवया वर गेल्या. खाचा मोजल्या, अकरा आणि अकरा. मी श्वास सोडणार होतो.

मग त्यांनी काठावरून अंगठा फिरवला.

"वाकलाय," ते म्हणाले.

"कुठं?"

"हा मागचा काठ. बघ, आत वळलाय. दुसरं पातं पण. तिसरं पण."

इथं मला थोडं सांगावं लागेल. जेट स्कीच्या इम्पेलरला मागच्या काठाला मुद्दाम वळण देतात. पुढून पाणी तेरा अंशात घेतो, मागून अठरा अंशात फेकतो, म्हणून तेरा-अठरा. ते वळण पाण्याला धरून ठेवतं आणि स्कीला ढकलतं. हे सगळं मी बाबांना तिथंच सांगितलं.

"एका पात्याला दोन अँगल?"

"हो."

"म्हणजे बनवणाऱ्याचं ठरत नव्हतं."

"बाबा, डिझाईनच आहे. बघा ना, तिन्ही पाती सारखीच वळलीयत."

"म्हणूनच सांगतो. एकच वाकलं असतं तर कुणाचा तरी हातोडा लागला म्हटलं असतं. तिन्ही सारखी म्हणजे पेटी सपाट पडलीय. ट्रान्सपोर्टमध्ये." त्यांनी हरेशकडे बघितलं, दया आल्यासारखं. "तुमची फसवणूक झालीय शेठ."

"क्या बोलूँ काका," हरेश म्हणाला आणि खरंच फसल्यासारखा चेहरा केला.

"तरी घेतो. मटेरियल चांगलं आहे. सरळ करता येईल."

हरेशनं डिफेक्टचे म्हणून पैसे कमी केले. बाबांनी स्वतःच्या पाकिटातून दिले. मी आधीच विकत घेतलेली वस्तू बाबांनी माझ्यासमोर, खराब माल म्हणून, सवलतीत विकत घेतली, आणि रिक्षात ती मांडीवर धरून बसले. विठ्ठलवाडी येईपर्यंत बोलत होते. वडील आणि मुलगा इतकं बोललेले मी आमच्या घरात तरी पाहिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांत किती पीस परत पाठवले, मुंबईहून आलेला इंजिनिअर त्यांच्या टेबलासमोर कसा उभा राहायचा, एकदा अख्खी गाडी कशी परत फिरवली. "काठ सरळ नसेल तर पास करायचा नाही," ते म्हणाले. "बाकी कायबी चालंल. काठ सरळ पायजे." कंपनीत लागण्यापूर्वीची भाषा बाहेर यायला लागली की समजायचं, बाबा खूश आहेत.

शुक्रवारी ते अंबरनाथला गेले. रामभाऊ म्हणून त्यांचे जुने सहकारी, आता लेथ मशीनची एक खोली चालवतात. तिथं वस्तू घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस आहे, लाकडी हातोडा आहे, आणि पातं वाकवायला खाच पाडलेली लोखंडी पट्टी आहे. मीही गेलो, थांबवायला. थांबवायच्या मी तीन पद्धती ठरवल्या होत्या.

पहिली पद्धत कागद. कंपनीचा तक्ता छापून नेला होता, त्यात आमच्या मॉडेलसमोर स्पष्ट तेरा-अठरा. बाबांनी तो वाचला, मान डोलावली आणि त्यावर हातोडा ठेवला, उडू नये म्हणून.

दुसरी पद्धत व्हिडिओ. फोनवर एक गोरा माणूस एका चकचकीत वर्कशॉपमध्ये इम्पेलरच्या काठाला पट्टी लावून सावकाश वळण देत होता. बाबांनी शेवटपर्यंत बघितला. रामभाऊंनीही बघितला.

"मुद्दाम वाकवतोय रे," रामभाऊ म्हणाले.

"बघ," बाबा मला म्हणाले. "असले लोक बसलेत तिकडं. आणि तू म्हणतोस डिझाईन."

तिसरी पद्धत खरं बोलणं. ती मी राखून ठेवली होती. म्हणायचं, बाबा, मला यातलं कळत नाही पण तुम्हालाही यातलं कळत नाही, हा पंप नाही, हा वेगळा प्रकार आहे. मी तोंड उघडलं. बाबांनी तेव्हाच पट्टी काठाला लावली होती आणि डोळे मिटले होते. डोळे मिटून, अंगठ्यानं काठ बघत, कणाकणानं दाब देत होते. त्यांचे हात व्हाइसपेक्षा स्थिर होते. रामभाऊंनी लेथ बंद केला, आवाज नको म्हणून. मी तोंड मिटलं.

शनिवारी रात्रीपर्यंत तिन्ही पाती सरळ झाली. जगात इतका सरळ इम्पेलर दुसरा नसेल. बाबांनी तो दांडीत घालून दोन ब्लेडच्या धारांवर आडवा ठेवून तोल बघितला, कुठंही थांबवा, तिथंच थांबायचा. मी पोर्चमध्ये जाऊन फोनवर दुसरा मागवायला घेतला. साठा संपला होता. उपलब्ध झाल्यावर कळवू, असं लिहिलं होतं, आणि त्याखाली ग्राहकांना हेही आवडलं म्हणून एक कुत्र्याचं लाइफ जॅकेट.

आई बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं.

"मग उद्या चालणार नाही?"

"आवाज येईल. पाणी पण उडेल. पुढं जाणार नाही."

"त्यांना सांगितलंस तर?"

"परत मिक्सर उघडतील."

"मिक्सर आत्ता कुठं नीट चाललाय," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बाबांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. सूर लागत नव्हता, पण मशीन चालू होतं.

रविवारी सकाळी नऊला आम्ही नदीवर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला कंपनीचं जुनं पेन. पंप बसवला तो त्यांनीच. पातं आणि नळीच्या भिंतीमध्ये पट्टी घालून सगळीकडून फट मोजली आणि सुयोगदादाला म्हणाले, "केसाएवढी. चारी बाजूंनी सारखी." सुयोगदादा प्रभावित झाला. तो केसाएवढ्या कशानंही प्रभावित होतो, त्याचे केस गेलेत.

"सुज्या, मार राउंड," दादा म्हणाला.

मी बसलो. बाबा काठावर, हात मागे बांधून. इन्स्पेक्शनला उभे राहायचे तसेच असावेत. मी चावी लावली, स्की नाकासमोर कर्जतच्या दिशेला, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, उभी होती. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिननं असा आवाज काढला की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठल्या. मागं पाणी उकळल्यासारखं झालं. आणि स्की, पूर्ण ताकदीनं, अगदी सावकाश, मागे मागे यायला लागली.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान किंचित तिरकी केली होती. काठावर अंगठा फिरवताना करायचे तशी. अजून एक सेकंद गेला असता तर त्यांना कळलं असतं.

मग मी हँडल वळवलं. नाक कल्याणकडे केलं. आता स्की पुढे जायला लागली. नदी जात होती तिकडंच जायला लागली, नदीच्याच वेगानं, पण एवढ्या आवाजात आणि एवढे तुषार उडवत की वेग कुणी बघितलाच नाही. मी सीटवरून उठलो, वाकलो, शर्यतीत असल्यासारखा. एक हात वर केला. काठावर सुयोगदादानं टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात वर केला नाही. फक्त मान हलवली, एकदा, खाली. हिरव्या पेटीची मान.

त्यानंतर मला परत फिरता आलं नाही. वळण आलं, माणसं दिसेनाशी झाली, मी इंजिन बंद केलं आणि शांतपणे वाहत गेलो. जलपर्णीनं तीनदा अडवलं. एका ठिकाणी धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, बिघडली का. मी म्हणालो, नाही, चालू आहे. अंबरनाथच्या बाजूला एका चिंचेच्या मुळांना स्की बांधली, एका टेम्पोवाल्याला गाठलं, चौघांनी उचलून टेम्पोत घातली, आणि दीड वाजता रस्त्यानं रिसॉर्टवर परत आलो.

बाबा तिथंच उभे होते.

"कशी चालली?"

"एकदम स्मूथ, बाबा."

"थरथर?"

"अजिबात नाही." हे खरं होतं.

"मग टेम्पोनं का आलास?"

"लांब गेलो ना. पेट्रोल संपलं."

त्यांनी सुयोगदादाकडे बघितलं. "पिकअप चांगला असला की माणसाला भान राहत नाही," ते म्हणाले.

सुयोगदादानं त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं. वर सांगितलं की पुढच्या महिन्यात अलिबागहून आणखी दोन जुन्या स्की येतायत, त्यांचेही पंखे काकांनीच बघायचे. बाबा म्हणाले, "वाकडेच असणार. आणा, सरळ करू."

तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी पाहुण्याला मागे बसवतो आणि आवाज करत कल्याणच्या दिशेनं वाहत जातो. टेम्पोवाला आकाश खाली चिंचेजवळ थांबलेला असतो. पाहुण्यांना वाटतं, टेम्पो पॅकेजमध्येच आहे. दादाला सांगितलंय, एकेरी राइड हा नवा प्रकार आहे, परदेशात असंच असतं. दादाला स्कीचं इंजिन धुऊन हवं असतं म्हणून ती रस्त्यानं येते, असं बाबांना सांगितलंय. बाबा रोज दाढी करतात. घरातलं सगळं बंद आहे ते बंद आणि चालू आहे ते चालू आहे. परवा आईनं मला विचारलं, किती दिवस असं. मी म्हणालो, पाहुणे फक्त खालीच जातात हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत. ती म्हणाली, मग काहीतरी कर. मी सगळीकडून विचार केला. इम्पेलरला हात लावता येत नाही, बाबांना सांगता येत नाही, दादाला कळता कामा नये. उरली नदी. म्हणून काल खालील अर्ज टपालानं पाठवला, पोचपावती आलेली नाही.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
उल्हास नदी ज्या खात्याच्या अखत्यारीत येत असेल ते खाते.

विषय: उल्हास नदीचा प्रवाह दररोज दोन तास उलट दिशेने सोडणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर नदी बदलापूर ते कल्याण या एकाच दिशेने वाहत असून त्यामुळे अर्जदाराची तांत्रिक अडचण होत आहे. तरी सकाळी दहा ते बारा या वेळेत नदी नेहमीप्रमाणे खाली सोडण्यात यावी, त्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र दुपारी बारा ते दोन या वेळेत ती वर, म्हणजे बदलापूरच्या दिशेने, साधारण त्याच वेगाने सोडण्यात यावी. शनिवार-रविवारी वेळ वाढवून मिळाल्यास सोयीचे होईल. ही व्यवस्था कायमस्वरूपी नको आहे. माझे वडील श्री. बाळाजी म्हसकर हे एकदा निवृत्त झालेले असून, ते दुसऱ्यांदा, स्वतःच्या मर्जीने, निवृत्त होईपर्यंतच ती चालू ठेवण्यात यावी, आणि तोपर्यंत याबाबतचा सर्व पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर न करता अर्जदाराच्या नावे उल्हासनगर तीन नंबर येथील स्पेअर पार्टच्या दुकानात करण्यात यावा, ही नम्र विनंती.